पडूनच सांगा

एकदा एक वृद्ध वैद्य भयंकर रागावला, आणि तो का रागावला हे त्याच्या शिष्याला आधी मुळीच कळले नाही. कळले नाही म्हणून शिष्यही संतापला.

झाले असे की, गावातल्या एका मोठ्या धान्यव्यापाऱ्याची पत्नी अंथरुणाला खिळली होती. ताप नाही, खोकला नाही. पण अन्न जाईना, डोळ्याला डोळा लागेना, आणि शरीर दिवसेंदिवस वाळत चाललेले. वैद्याने नाडी पाहून संपूर्ण विश्रांती सांगितली आणि तो शिष्याला औषधे देऊन त्या घरी पाठवू लागला. शिष्य मनापासून शुश्रूषा करणारा होता. काढा स्वतः उकळी, चाटण स्वतः घोटी, आणि दिवसभर बाईच्या उशाशी बसून राही. तरीही गुण येईना. कुशीवर वळतानाही तिला धाप लागू लागली, तेव्हा त्याचा धीर सुटला.

"गुरुजी, आता तुम्हीच चला," तो म्हणाला. "बाई हातची जाते."

वैद्य आला. व्यापाऱ्याने त्याला सगळी व्यवस्था मोठ्या अभिमानाने दाखवली. कापसाची नवी गादी, खिडकीला जाड पडदा, उशाशी केशराचे दूध. "इकडची काडी तिकडे करू देत नाही आम्ही हिला," तो म्हणाला, आणि ते खरेच होते. त्या घराची रीत अशी की, कोठ्या-कपाटांच्या किल्ल्या थोरल्या सुनेकडे, म्हणजे या बाईकडे, असायच्या. आजारी पडली म्हणून तिचा हा मान कुणी काढून घेतला नव्हता. किल्ल्यांचा जुडगा तिच्या उशीखालीच ठेवला होता.

वैद्य एका कोपऱ्यात बसून पाहू लागला.

थोड्याच वेळात धाकटी जाऊ आत आली. "जाऊबाई, उठू नका हं, पडूनच सांगा. पाहुण्यांना पिठलं करू की उसळ?"

बाईने डोळे उघडले, विचार केला, सांगितले. मग सासू आली. "पडूनच सांग गं, मुंजीच्या आहेराला कुठलं लुगडं काढू?" तेही ठरले, किल्ली दिली गेली. मग दारातून गड्याने गुरांच्या पेंडेचे विचारले. मग खुद्द व्यापारी. "माझा जरीचा रुमाल कुठे ठेवलायस? नाही, नाही, उठायचं नाही, तू पडूनच सांग."

तो गेल्यावर शिष्य पुढे वाकला आणि मायेने म्हणाला, "वहिनी, आता जरा बरं वाटतंय ना?"

बाई कशीबशी हसली. "हो, वाटतंय."

तेवढ्यात वैद्य ताडकन उठला. त्याने उशीखाली हात घालून किल्ल्यांचा जुडगा ओढून काढला, तरातरा परसात गेला आणि तो विहिरीत फेकून दिला.

घरात एकच कल्लोळ उठला. "वैद्यबुवा, डोकं फिरलं काय तुमचं?" व्यापारी ओरडला. "अख्खं घर त्या किल्ल्यांवर चालतं!"

"मग कुलपं फोडा! घरात धडधाकट माणसं आहेत ना?"

शिष्याला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले. शरमेने आणि रागाने तो म्हणाला, "गुरुजी, मी तहानभूक विसरून हिची सेवा केली. आणि तुम्ही एका क्षणात सगळ्यांसमोर माझी लाज घालवलीत!"

"तू तर बोलूच नकोस," वैद्य गरजला. "बाकीचे निदान रुमाल मागत होते. तू तिच्याकडे तिचं बरं वाटणं मागत होतास! तुझं समाधान व्हावं म्हणून मरणाच्या दारातली बाई हसून दाखवत होती."

वैद्य व्यापाऱ्याकडे वळला. "शेटजी, दुकान बंद केल्यावर तुम्ही कुठे जाता?"

"देवळाच्या पारावर. घटकाभर बसलं की शीण जातो."

"तिथे कुणी डाळीचा भाव विचारला तर?"

"अजिबात खपवून घेत नाही मी!"

"का? बसलेलेच असता की. बसूनच सांगा!"

व्यापाऱ्याने मान खाली घातली. वैद्याचा राग मात्र ओसरला नाही.

"हमालाची पाठ दुखते, त्याला आडवं करावं. दिवसभर गादीवर बसणाऱ्याला शेतापर्यंत चालवावं, त्याची तीच विश्रांती. बोलून बोलून घसा बसला असेल, तर गप्प राहू द्यावं. शीण कुठला, ते तरी आधी पाहाल की नाही? सगळ्यांच्या वतीनं ठरवून ठरवून हिचं डोकं थकलंय, आणि तुम्ही गादी घातलीत पाठीखाली! आजपासून या खोलीत प्रश्न न्यायचा नाही. उसळ खारट होऊ दे, आहेर चुकू दे. तिला वाटलं तर ती परसात बसेल, वाटलं तर भिंतीकडे तोंड करून पडेल. आणि कसं वाटतंय, हेही तिला कुणी विचारायचं नाही."

कुलपे फोडली गेली. घरात गोंधळ माजला, उसळ खरोखरच खारट झाली, पण खोलीत प्रश्न घेऊन कुणी गेले नाही. शिष्य औषध उंबऱ्यावर ठेवून मुकाट्याने परत येई. जिभेवर आलेला प्रश्न गिळणे त्याला काढा उकळण्यापेक्षा फार जड गेले.

पुढे एके सकाळी तो गेला, तेव्हा बाई परसात शेवग्याखाली बसून गुळाबरोबर शेंगदाणे खात होती. इतक्यात व्यापारी घाईघाईने बाहेर आला. "अगं, लोणच्याची बरणी कुठे आहे? कधीपासून शोधतोय. एवढंच सांग, मग काही विचारत नाही."

बाईने मान वर केली. तिच्या कपाळावर आठ्या चढल्या, नाकपुड्या फुलल्या.

"मला विचारू नका," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "घर तुमचंही आहे. शोधा!"

आणि तिने पुढचा शेंगदाणा तोंडात टाकला. व्यापारी आल्या पावली आत गेला.

शिष्य औषधाची पुडी हातातच घेऊन परतला. वैद्य ओसरीवर मुळ्या निवडत होता. शिष्य त्याच्यासमोर बसला.

"गुरुजी," तो म्हणाला, "आज ती रागावली."

वैद्याने हातातली मुळी खाली ठेवली. "मग औषध बंद कर," तो म्हणाला.