कड्याने दिलेली ओ

फार पूर्वी, माणसं पायी मुलूख ओलांडत तेव्हाची ही गोष्ट. डोंगरांच्या पोटात एक मोठं सरोवर होतं आणि सरोवराच्या काठावर एक काळा, सरळसोट कडा उभा होता. कड्याखालच्या गावाची रीत जगावेगळी होती. नवा माणूस आला की त्याला कुणी कूळ विचारत नसे, की कामधंदा. एवढंच सांगत, "कड्याकडे तोंड कर आणि आपलं नाव घेऊन हाक मार." कड्याने ओ दिली, तर घर मिळे, विस्तव मिळे, होडीही मिळे. नाही दिली, तर माणूस तिथे असून नसल्यासारखा.

अशा या गावात राहायला म्हणून, आपला मुलूख सोडून, एक विणकर बाई सात दिवस घाट चढून आली. तिचं नाव भागीरथी. तिची म्हातारी आई सरोवराच्या पलीकडच्या काठावर एका झोपडीत थांबली होती, कारण गुडघ्यांनी दगा दिलेल्या बाईला तो घाट चढवणार कोण? "धुकं उतरायच्या आत होडी घेऊन येते," असं भागीरथी आईला सांगून निघाली होती. धुकं उतरलं की चाळीस दिवस सरोवर बंद, आणि आईजवळचे दाणे धुकं उतरेपर्यंतच पुरणारे होते.

भागीरथीने पोटातून हाक मारली. "भागीरथी!"

कडा गप्प राहिला. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने नुसतं खाकरलं, तर कड्याने ते खाकरणंसुद्धा इमानाने परत दिलं. भागीरथीचा आवाज मात्र गेला तो गेलाच. आपण खरंच ओरडलो का, असा तिलाच संशय आला.

ती गावच्या नावाडणीकडे गेली. नावाडीण वयस्कर होती, बोलायला फटकळ. भागीरथीने आपल्या पाटलाने दिलेलं पत्र पुढे केलं. "मावशी, वाचा तरी. आमच्या गावात सात पिढ्या आम्हाला ओळखतात."

"तुमच्या पाटलाला आमचा कडा ओळखत नाही, बाई."

"मग या चांदीच्या पाटल्या घ्या."

"चांदी हाकेला ओ देते का?"

भागीरथीला राग आला. तिने मान ताठ केली. "मी आजवर कुणाची सुईसुद्धा उसनी घेतली नाही!"

नावाडीण तिच्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली. "म्हणूनच तुला इथे कुणी ओळखत नाही," ती म्हणाली. "काही घेतलं नाहीस, तर परत काय करणार? आणि परत काही आलंच नाही, तर कडा तरी काय परत देणार?"

हे असलं बोलणं भागीरथीला पटायचं नव्हतं. हट्टी होती ती, आणि अशा हट्टाचं आपल्याकडे फार कौतुकही होतं. महिनाभर ती रोज सकाळी कड्याखाली उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडली. गावकरी तिच्याशी वाईट वागत नसत. पण बोलताना सगळ्यांची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे, कड्याकडे लागलेली असे, जणू तिच्याबद्दल काय ते त्यालाच विचारायचं आहे. हळूहळू तिला वाटू लागलं, आपण घाटातच कुठेतरी मेलो आणि आपल्याला ते कळलं नाही. ती स्वतःला चिमटे काढून बघायची. चिमटा दुखायचा, तेव्हा बरं वाटायचं.

शेवटी ती नावाडणीच्या दारात जाऊन मान खाली घालून म्हणाली, "मावशी, एक चाळणी द्याल? पंधरा दिवसांनी परत करीन."

चाळणी मिळाली. पण उसन्या वस्तूचं ओझं तिला दुपारपर्यंतही पेलवेना. रिकामं भांडं परत करू नये, या तिच्या माहेरच्या वळणाप्रमाणे तिने चाळणीत मूठभर पोहे घातले आणि त्याच दिवशी ती परत नेऊन दिली. मग धावत जाऊन हाक मारली. कडा ढिम्म.

"हे पोहे कसले?" नावाडणीने विचारलं. "आणि तू चाळणी घेतलीस कधी? हातात धरून खाली ठेवलीस, याला घेणं म्हणतात? वापर, सांभाळ, आणि बोललीस त्या दिवशी आण. आधी नको, नंतर नको." पोहे मात्र तिने ठेवून घेतले.

"पण मावशी, कडा ओळखत नसताना तुम्ही चाळणी देता कशी?"

"चाळणी गेली तर माझी चाळणी जाते. होडी गेली तर माणूसही जातो."

भागीरथीने पुन्हा चाळणी नेली. पंधरा दिवस ती उशाशी घेऊन झोपली आणि सोळाव्या दिवशी सकाळी परत करून कड्यापुढे उभी राहिली. हाक मारली. बराच वेळ काही नाही. मग फार वरून, खडकाच्या आतून यावा तसा आवाज आला: "...थी."

तेवढ्यावर तिला रडू आलं.

मग तिने कुऱ्हाड उसनी घेतली, तीही वेळेवर परत केली. कडा म्हणाला, "...रथी." पण आता सरोवराच्या वरच्या टोकाला धुक्याची पांढरी रेघ दिसू लागली होती. रोज ती रेघ थोडी जाड होई. भागीरथीने पितळी हंडा उसना घेतला, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. आईजवळचे दाणे ती मनातल्या मनात मोजत बसे.

अशा वेळी गोड बोलणारी माणसं बरोबर वास काढत येतात. पांढऱ्या फेट्याचा एक माणूस पाणवठ्यावर तिच्याजवळ येऊन बसला. "ताई, कशाला जिवाला त्रास? मी तुम्हाला तयार नाव देतो. मैनावती. होती इथलीच, आता नाही. पण कडा अजून तिला विसरलेला नाही. हाक मारून बघा, पाटल्यांचं मग बोलू."

भागीरथीने इकडेतिकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हटलं, "मैना..."

हाक संपायच्या आतच ओ आली. "मैनावती!" आवाज स्वच्छ होता, बाईचा होता, आणि ओला होता.

भागीरथीच्या अंगावर काटा आला. तरी आईचा चेहरा डोळ्यांपुढे होता आणि हात पाटल्यांकडे गेलाच होता. तिने सहज विचारलं, "भाऊ, तुमचं स्वतःचं नाव काय?"

माणसाने तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, फेटा मागे सारला, आणि एखादी वस्तू घरात कुठे ठेवली ते आठवावं तसा आठवत राहिला. मग तो कड्याकडे वळून ओरडला, "माझं नाव काय?" कड्याने एकामागून एक सहा नावं सांगितली. प्रत्येक नावाला तो मान हलवत होता, हे नाही, हेही नाही. शेवटी तो तिच्याकडे वळला तेव्हा रडकुंडीला आला होता. "होतं हो काहीतरी," तो म्हणाला.

भागीरथी पाटल्या सावरून उठली आणि मागे न बघता चालू लागली.

हंडा तिने ठरल्या दिवशी परत केला. कडा म्हणाला, "...गीरथी." एक अक्षर अजून बाकी होतं, आणि धुकं अर्ध्या पाण्यावर आलं होतं. ती नावाडणीच्या पायांशी बसली. "मावशी, आणखी पंधरा दिवस माझी आई जगायची नाही."

नावाडणीने कड्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. "एवढ्या ओळखीवर मोठी होडी देता येत नाही. लहान होडी ने. उद्या दुपारपर्यंत परत आण. आणि धुक्यात सापडलीस तर हाक मार. स्वतःच्या नावाने."

भागीरथी पलीकडे पोहोचली. आई वाळली होती, पण होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी निघाल्या आणि मधल्या पाण्यावर धुक्याने त्यांना गिळलं. वल्ह्याचं टोकसुद्धा दिसेना. आता काठ कुठे आणि डोह कुठे, हे सांगायला कुणी नव्हतं.

"भागीरथी!" तिने हाक मारली.

"...गीरथी," उजवीकडून, लांबून ओ आली. तिने होडी उजवीकडे वळवली. आणि तेव्हा तिला गावाची रीत कळली. कडा ज्याला ओ देतो, तोच धुक्यातून परत येतो. गावाने इतके दिवस तिला अडवलं नव्हतं, वाचवलं होतं.

तेवढ्यात डावीकडून, अगदी जवळून, कुणी न बोलावताच आवाज आला. "मैनावती!" तो कड्यावरून येत नव्हता, पाण्याखालून येत होता. आणि त्याच्या मागोमाग आणखी चार-पाच आवाज तेच नाव घेत होते, बायकांचे, पुरुषांचे, सगळे ते नाव विकत घेऊन मैनावती म्हणवून घेणारे.

"भागी, कुणी बाई बुडते आहे गं," आई कळवळून म्हणाली. "होडी वळव तिकडे!"

"ती केव्हाच बुडाली, आई. माझी हाक ऐक फक्त."

ती ओरडत राहिली, कडा तुटकं नाव परत देत राहिला, आणि एकदाची होडीखाली वाळू घासली. दुपार व्हायला थोडा अवकाश होता. तिने वल्हं नावाडणीच्या हातात दिलं, घसा खाकरला आणि हाक मारली.

"भागीरथी," कडा म्हणाला. पूर्ण. पहिल्या अक्षरापासून.

मग गावकऱ्यांनी आईकडे पाहिलं. म्हातारीनेही कड्याकडे तोंड करून आपलं नाव घेतलं. तिचा आवाज गेला आणि परत आला नाही. ती भेदरली, मग मान ताठ करून म्हणाली, "मी कधी कुणाची सुईसुद्धा..."

"माहीत आहे, आई," भागीरथी म्हणाली. तिने नावाडणीकडून चाळणी मागून घेतली आणि आईच्या हातात दिली. "पंधरा दिवस सांभाळ. आणि पोहे घालू नकोस."

तात्पर्य: परक्या मुलखात ओळख कुणाकडून विकत मिळत नाही. लहानसं काही घ्यावं, बोलल्या दिवशी परत करावं, आणि आपलं नाव अक्षराअक्षराने कमवावं. धुक्यात तेवढंच आपल्याला काठाला लावतं.