बिनघंटीची सायकल

"वाट कुणाच्या बापाची असते का, उस्ताद? तुम्हीच सांगा!"

विक्रांत आवटीनं सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच विचारलं.

मैनुद्दीन उस्तादांनी मान वर केली नाही. ते एका वाकड्या फिरणाऱ्या चाकाचा आउट काढत होते. चाक फिरवायचं, डोळा बारीक करून बघायचं, एखादी तार पिळायची, पुन्हा फिरवायचं. वारणेच्या पुलाजवळच्या त्या दुकानात चाळीस वर्षं त्यांचं हेच चाललं होतं. पंचक्रोशीत ज्याला म्हणून सायकल बरी चालवता येई, तो स्वतःला त्यांचा शागीर्द म्हणवून घेई. विक्रांत जरा जास्तच मोठ्यानं म्हणवून घेई.

"कुठली वाट?"

"नदीकाठची. आक्काताई मगदूमांनी आपल्या बांधावर काट्या टाकल्यात. चांगल्या पुरुषभर उंच. रविवार चार दिवसांवर आलाय!"

उस्तादांनी चाक फिरवलं.

विक्रांतचा जीव टांगणीला लागला होता हे खरं. मोठ्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागोमाग धावत होत्या आणि सायकलवाल्यानं जीव मुठीत धरून कडेच्या खडीतून जायचं, असा सगळा कारभार. म्हणून त्यानं दोन वर्षं खपून नदीच्या काठानं एक वाट जुळवली होती. मळीच्या जमिनींतून, पाणंदींतून, बांधांवरून. बत्तीस किलोमीटर, आणि कुठंही एक मोटार आडवी येत नाही. त्यानं नकाशा छापला. वळणावळणावर पत्र्याचे फलक ठोकले: 'वाहनमुक्त मार्ग. वाट मोकळी आहे.' रविवारी ऐंशी जण येणार होते. त्यातले निम्मे नवखे. चौदाव्या किलोमीटरवरचा आक्काताईंचा बांध बंद राहिला, तर त्या नवख्यांना ट्रॉल्यांच्या चाकांशेजारून न्यावं लागणार होतं. मग कसला वाहनमुक्त मार्ग आणि कसलं काय.

"गावनकाशात वाट आहे," त्यानं कागद पुढं धरला. "ही बघा, ठिपक्यांची रेघ."

"ठिपक्यांची का?"

"पायवाट दाखवायची असली की ठिपके देतात."

"पायवाट..." उस्ताद म्हणाले आणि पुन्हा तार पिळू लागले.

"तहसीलदारांकडे अर्ज लिहून ठेवलाय. दिला की सुटली वाट. पण म्हटलं, कशाला उगाच म्हातारीला कचेरी दाखवायची? ती तुमचं ऐकते. तुम्ही एक शब्द टाका."

"टाकतो की."

विक्रांतचा चेहरा खुलला.

"पण आधी माझं एक काम कर."

उस्ताद उठले. पाना घेतला आणि विक्रांतच्या सायकलची घंटी खोलून काढली. साधीसुधी घंटी नव्हती ती. पितळी, भरीव, दोन शेतं पलीकडं ऐकू जाणारी. विक्रांतला तिचं कोण कौतुक!

"अहो... हे काय?"

"उद्या सकाळी काट्यांपर्यंत जाऊन ये. मग मी आक्काताईकडं येतो."

"पण घंटी नसली तर लोक बाजूला कसे होणार?"

उस्तादांनी घंटी गल्ल्याशेजारी ठेवली आणि खाली बसून चाक फिरवलं...

दुसऱ्या दिवशी विक्रांत निघाला. म्हाताऱ्यांना कधी काय सुचेल सांगता येत नाही, असं मनाशी म्हणतच निघाला. पहिले दहा किलोमीटर झकास गेले. ऊन कोवळं होतं, नदीवर धुकं होतं, आणि आपण शोधलेल्या वाटेवरून आपणच जातोय याचा त्याला अभिमान वाटत होता. तो वाटायला हरकतही नव्हती.

अकराव्या किलोमीटरला पाणंद अरुंद झाली. पुढं दोन बायका डोक्यावर वैरणीचे भारे घेऊन चालल्या होत्या. भारे एवढे रुंद, की दोन्ही कडांना घासत होते.

त्याचा अंगठा सवयीनं घंटीकडं गेला. तिथं काहीच नव्हतं.

तो खाकरला. भाऱ्यांच्या सळसळीत कुणाला ऐकू गेलं नाही. हाक मारावी, तर नाव माहीत नाही. दोन वर्षं तो या बायकांच्या जवळून गेला होता आणि एकीचंही नाव त्याला ठाऊक नव्हतं. त्यांच्या चालीनं सायकल चालवून बघितली. दोन वेळा तोल गेला. शेवटी तो मुकाट उतरला आणि सायकल हातात धरून मागं चालू लागला.

चालता चालता त्याला त्यांचं बोलणं ऐकू येऊ लागलं.

"आक्काताईचा हात अजून गळ्यातच हाय का गं?"

"तर! पंधरा दिस झालं. वांग्याची पाटी घिऊन बांधावनं चालली हुती बघ. मागनं घंटी वाजली. दचाकली, बाजूला सराया गेली, आन् पाटीसकट खाली."

"आन् सायकलवाला?"

"त्यो गेला की! जाता जाता म्हनतोय कसा... थँक्यू मावशी!"

दोघी मनापासून हसल्या. डोक्यावरचे भारे हलले.

तो दिवस विक्रांतला चांगला आठवत होता. त्या दिवशी त्यानं सबंध वाट सगळ्यात कमी वेळात कापली होती. आणि कुणी वाट दिली की आपण न चुकता आभार मानतो, याबद्दल आपली आपणच पाठ थोपटली होती. मागं वळून मात्र बघितलं नव्हतं. त्याला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाणंद रुंद झाली तरी तो सायकलवर बसला नाही. बायका त्यांच्या शेताकडं वळल्या. तो चालतच काट्यांपाशी पोचला.

पलीकडं आक्काताई डाव्या हातानं वांगी तोडत होत्या. उजवा हात गळ्यात बांधलेला.

"आक्काताई, आत येऊ का?"

"पायानं येत असशील तर ये."

तो उतारावरून वळसा घालून आत आला.

"तो थँक्यू म्हणणारा मी."

"ठावं हाय. एवढा पिवळा सदरा गावात दुसऱ्या कुनाचा हाय?"

"पुष्कळ लागलं का?"

"मनगाट मोडलं."

"चुकलं माझं."

आक्काताईंनी एक वांगं तोडून पाटीत टाकलं. मग म्हणाल्या,

"वाट मागाया आलायस?"

गावनकाशा खिशात होता. अर्ज खिशात होता. ऐंशी माणसांचा हिशेब तर तोंडपाठ होता.

त्यानं त्यांच्या बांधलेल्या हाताकडं पाहिलं.

"नाही," तो म्हणाला, आणि आपल्या तोंडून हे आलं कसं याचं त्यालाच नवल वाटलं.

त्यानं पाटी ओढून घेतली आणि वांगी तोडायला लागला. देठांचे काटे बोटांत भरत होते. उन्हं डोक्यावर येईपर्यंत तीन पाट्या झाल्या. आक्काताईंनी त्याला तांब्याभर पाणी दिलं. वाटेचा विषय त्यांनी काढला नाही, त्यानंही काढला नाही.

तिसऱ्या प्रहरी तो दुकानात आला.

"तुम्हाला माहीत होतं, उस्ताद."

"होतं."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू जाऊन माफी मागितली असतीस." उस्ताद थांबले. "आणि त्याच दमात वाट."

विक्रांत बोटांत भरलेले वांग्याचे काटे उपटू लागला.

"मग? रविवारचं कसं करणार?" उस्तादांनी विचारलं.

"ऐंशी जणांना काट्यांपर्यंत नेणार. तिथून माघारी. चौदा जाताना, चौदा येताना. अठ्ठावीस किलोमीटर काही कमी नाहीत. पाणंदीत सगळ्यांनी उतरायचं आणि चालायचं. फलक उद्या काढतो."

"अर्ज?"

"फाडला."

"दोन वर्षं खपलास."

"खपलो. कुढत नाही त्यावर." तो सरळ उस्तादांच्या डोळ्यांत बघत म्हणाला. "जेवढी आहे तेवढी चांगली वाट आहे, उस्ताद. पुढची नसली तरी चालेल."

उस्तादांनी पाना खाली ठेवला. फडक्याला हात पुसले. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर बसवली आणि अंगणात ठेवलेली आपली जुनी सायकल पुढं घेतली.

"कुठं निघालात?"

"आक्काताईकडं. तुझ्यासाठी वाट मागायला."

"अहो, पण मला ती नकोय आता. खरंच सांगतो."

उस्तादांनी दुकानाचं शटर खाली ओढलं.

"म्हणून तर आता मागता येईल."