बकुळा आणि नाचरी अक्षरं

डोंगरउतारावर जिथे वाऱ्यालासुद्धा चाफ्याचा वास यायचा, त्या मोहोरवाडीत बकुळा नावाची एक चिमुकली मुलगी राहायची. तिचं घर इतकं लहान होतं, की पहाटेचं ऊन आत आलं की बसायला जागाच उरायची नाही. आई फुलांचे गजरे करून देवळापाशी विकायची. बकुळा मोगऱ्याच्या कळ्या खुडून द्यायची आणि खुडताना प्रत्येक वेलीला हळूच म्हणायची, “दुखलं नाही ना गं?”

अशी ही गोड पोर शाळेत गेली की कोमेजून जायची.

कारण पुस्तक उघडलं की अक्षरं नाचायला लागायची! ‘घ’ टुणकन उडी मारून ‘ध’ व्हायचा. ‘भ’ची जागा ‘म’ पटकावायचा. ओळीच्या ओळी मुंग्यांसारख्या वळवळायच्या. बकुळा ‘भात’ वाचायला जायची आणि तोंडातून ‘मात’ यायचं. मग सगळा वर्ग खो खो हसायचा.

“लक्षच नाही तुझं,” बाई म्हणायच्या. “बोलताना कशी चुरुचुरु बोलतेस! मग वाचायचाच तेवढा आळस का?”

बकुळा आळशी नव्हती. घरी ती एकच पान इतक्या वेळा वाचायची, की डोळ्यांतून पाणी यायचं. पण हे सांगायचं कुणाला आणि कसं?

एके दिवशी बाई म्हणाल्या, “बकुळा, उद्या सगळ्यांसमोर धडा वाचायचा. नाही आला, तर मी तुझ्या आईला सांगेन, हिला शाळेत पाठवून काही उपयोग नाही.”

शाळा सुटल्यावर बकुळा घरी गेलीच नाही. ती धावत सुटली ती थेट रानातल्या जुन्या बागेत. तिथे पिवळीधमक शेवंती फुलली होती, निळ्या गोकर्णीच्या वेली झुलत होत्या. बकुळा झाडाखाली बसली आणि हमसून हमसून रडू लागली.

तेवढ्यात तिला आणखी कुणाचं तरी रडणं ऐकू आलं. अगदी बारीक, चांदीच्या घुंगरासारखं.

बघते तर काय! बाभळीच्या खोडावर बोटाएवढी एक परी अडकली होती. तिचा इंद्रधनुषी पंख डिंकात घट्ट चिकटला होता.

“ओढू नकोस गं,” परी कळवळून म्हणाली. “मघाशी खारुताईने घाईघाईने ओढलं, तर पंख फाटायलाच आला.”

“नाही ओढणार,” बकुळा म्हणाली. आपले डोळे पुसून तिने ओंजळीत ओढ्याचं पाणी आणलं. थेंब थेंब डिंकावर सोडला. तोंडाची ऊब दिली, पुन्हा पाणी सोडलं. ऊन कलंडलं, सावल्या लांब झाल्या, तरी ती दमली नाही. आणि अखेर पंख अलगद मोकळा झाला. फुर्रर्र! परी हवेत उडाली आणि शेवंतीवर सोनेरी चुरा सांडला.

“माझं नाव लुकलुकी,” परी म्हणाली. “माग काय मागायचं ते!”

“मला दुसरं डोकं दे,” बकुळा लगेच म्हणाली. “वाचता येणारं.”

लुकलुकीने मान हलवली. “आमच्या इच्छांना नियम असतात, राणी. कुणाचं डोकं बदलायचं नाही, हा पहिला. तुझं डोकं मोडलेलं नाहीच मुळी! अक्षरांची वाट तुझ्या डोक्यात जरा वेगळ्या वळणाने जाते, एवढंच.”

मग तिने जाईच्या पानावर एक टपोरा, मोतिया थेंब ठेवला. “दुसरा नियम असा, की इच्छा एकच मागायची, या थेंबाच्या कानात. आणि तिसरा असा, की इच्छा बोललीस की थेंब सुकायला लागेल. तो सुकला की जादू संपली.”

दुसऱ्या दिवशी बकुळा तळहातावर ते पान सांभाळत शाळेत आली. तिने मनाशी ठरवलं होतं, ‘अक्षरांना गप्प बसव’ असं मागायचं. धडा वाचून होईपर्यंत तरी!

पण बाईंनी आधी भिवाला फळ्यापाशी बोलावलं. भिवा वर्गातला सगळ्यांत लहान मुलगा. तो आकड्यांना फार घाबरायचा. त्याने ‘६’च्या जागी ‘९’ काढला. पुसला, आणि पुन्हा ‘९’च काढला.

“कितीदा सांगायचं रे? जा, कोपऱ्यात उभा राहा!” बाई म्हणाल्या. भिवाचा खालचा ओठ थरथरला.

बकुळाने तळहातातल्या थेंबाकडे पाहिलं. आज माझी अक्षरं थांबतील. पण उद्या? आणि भिवाचे आकडे?

तिने पान ओठांशी नेलं आणि हळूच म्हणाली, “आम्हाला जसं दिसतं, तसं आमच्या बाईंना दिसू दे.”

थेंब लखकन चमकला.

“बकुळा, ऊठ. आधी मी एक ओळ वाचते, मग तू,” असं म्हणून बाईंनी पुस्तक उघडलं. “धराच्या... नाही, घ... मागे... मागे...”

बाई थांबल्या. त्यांनी डोळे चोळले. अक्षरं गिरक्या घेत होती. पुन्हा वाचायला गेल्या, पुन्हा अडखळल्या. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. बाईंचे कान लाल झाले.

बकुळाला राहवलं नाही. ती धावत गेली आणि तिने बाईंच्या पुस्तकावर ओळीखाली आपलं इवलंसं बोट ठेवलं.

“घाबरू नका बाई. एकेक अक्षर बघा. बाकीची हाताने झाका. घाई केली की ती जास्तच नाचतात.”

बाईंनी तसं केलं. एक अक्षर. मग दुसरं. त्यांच्या कपाळावर घाम आला, तेव्हा कुठे एक ओळ पुरी झाली. तोवर थेंब सुकला आणि अक्षरं मुकाट जागेवर बसली.

बाईंनी पुस्तक मिटून ठेवलं. मग बकुळासमोर खाली बसल्या.

“तुला रोज असं दिसतं?”

“हो बाई.”

“आणि तरी तू रोज शाळेत येतेस?”

बकुळाने मान डोलावली. बाईंचे डोळे भरून आले. “चुकलं गं माझं. तू आळशी नाहीस. तू तर सगळ्यांपेक्षा जास्त कष्ट करतेस.”

बकुळाला वाटलं, आपल्या पाठीवर दगडांनी भरलेलं दप्तर होतं आणि कुणीतरी ते अलगद उतरवून ठेवलं. तिने मोठ्ठा श्वास घेतला. किती दिवसांनी!

बाईंनी भिवालाही कोपऱ्यातून जवळ घेतलं. त्याच संध्याकाळी त्या बकुळाच्या घरी गेल्या. बाईंना दारात पाहून आईच्या हातातला गजरा गळून पडला.

“घाबरू नका,” बाई म्हणाल्या. “पोरीचं काही चुकत नाही. तिला वाचायला जास्त वेळ लागतो, तो आपण देऊ. ती शाळेत येत राहील.”

आईने बकुळाला कुशीत ओढलं आणि हसता हसता रडली.

मग वर्ग बदलू लागला. बकुळा वाळूत बोटाने मोठमोठी अक्षरं गिरवायची. मातीचा गुबगुबीत ‘घ’ करायची आणि त्याच्या शेजारी ‘ध’ ठेवून दोघांना नीट निरखायची. धडा आधी बाई वाचून दाखवायच्या आणि उत्तरं बकुळा तोंडी सांगायची, तीही इतकी छान की सगळे कान देऊन ऐकायचे! भिवा चिंचोके मांडून बेरजा करायचा. कुणी अडखळलं तर आता हसायचं नाही, थांबायचं, असं मुलांनीच ठरवलं.

अक्षरं अजूनही कधीकधी नाचायची. पण बकुळा त्यांना भ्यायची नाही.

एका केशरी संध्याकाळी ती पुस्तक घेऊन बागेत गेली. गोकर्णीवर लुकलुकी झोके घेत होती.

“परीताई, तुझ्या जादूने सगळं छान झालं!”

“माझी जादू तर थेंबाबरोबर सुकली,” परी हसली. “पुढचं सगळं तुमचं तुम्ही केलंत. बरं, मला काही वाचून दाखवतेस?”

बकुळाने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. “पाखरू... उंच... आ... आ...”

ती अडली. लुकलुकीने शब्द सांगितला नाही, घाईही केली नाही. पंख मिटून ती नुसती वाट बघत राहिली.

“आभाळात!” बकुळा ओरडली. “पाखरू उंच आभाळात उडालं!”

लुकलुकीने आनंदाने टाळी वाजवली. त्या टाळीतून गुलाबी, सोनेरी, निळा उजेड उसळला, शेवंतीच्या पाकळी पाकळीवर पसरला, बकुळाच्या गालांना गुदगुल्या करून वर वर गेला. उजेड विरला तेव्हा परी तिथे नव्हती.

बकुळाने पान उलटलं आणि पुढची ओळ वाचायला घेतली. हळूहळू. तिला कसली घाई नव्हती.