श्रीमंत हैबतराव आणि कासार

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की त्या वेळच्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक कासार राहत असे. बायको लवकर वारलेली. मुलगा एकच, हैबती. देखणा, उंचापुरा, बोलण्यात चतुर.

बापाबरोबर तो सरदारांच्या वाड्यांवर जायचा. बाप आत जाऊन लेकीसुनांना बांगड्या भरायचा. हैबती बाहेर देवडीवर बसायचा. तिथून त्याला सरदारांच्या पगड्या दिसायच्या, त्यांची चाल दिसायची, नोकरांवर ओरडणं ऐकू यायचं. सरदारकी म्हणजे एवढंच, असं त्याला वाटू लागलं. आणि बापाच्या खांद्यावरच्या बांगड्यांच्या पेटीची लाज वाटू लागली.

एके दिवशी कुणाला न सांगता तो घरातून निघून गेला.

दोन नद्या ओलांडून तो परक्या राज्यात पोहोचला. राजासमोर ताठ उभा राहून म्हणाला, "आम्ही श्रीमंत हैबतराव. डोंगरापलीकडच्या सरदारांचे धाकटे पुत्र."

राजाला त्याचा रुबाब आवडला. दरबारात जागा मिळाली. राजाची आई, आऊसाहेब, तेवढ्या चपापल्या. 'श्रीमंत' दुसऱ्यांनी म्हणायचं असतं. खरा सरदार स्वतःच्या नावाला ते कधी लावत नाही. पण तरुण माणूस आहे, गडबडला असेल, असं समजून त्यांनी ते सोडून दिलं.

तीन वर्षं गेली. राजकन्येचं लग्न ठरलं. चुडा भरण्यासाठी गावोगाव फिरणाऱ्या एका म्हाताऱ्या कासाराला राजवाड्यात बोलावलं गेलं. त्याने राजकन्येचा हात हातात घेतला, एक बांगडी चढवली आणि सहज मान वर केली. राजाच्या शेजारी हैबतराव उभे होते.

म्हाताऱ्याचा हात थांबला. "हैबती! अरे लेका, किती शोधलं रे तुला!"

सगळे आपल्याकडेच बघताहेत, असं हैबतरावांना वाटलं.

"ए म्हाताऱ्या!" ते ओरडले. "कुणाला हाक मारतोस? तोंड सांभाळ!"

म्हातारा हळूच उठला आणि कमरेत वाकून त्याने मुजरा केला.

"चुकलो, सरकार. नजर अधू झालीय. माझा मुलगा असाच दिसायचा."

पोटच्या पोराला बाप मुजरा करत होता, आणि पोराने हात उंचावून तो घेतला. त्या हाताला जणू चटका बसला.

आऊसाहेबांनी विचारलं, "हैबतराव, तुमच्या घरी कासाराला काय म्हणतात?"

"कासाराला काय म्हणायचं, आऊसाहेब? अरे कासारा."

"माझ्या माहेरी कासार आला की आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. बांगड्या भरून झाल्या की वाकून नमस्कार करायचो. लेकीसुनांचा हात जो धरतो, तो बापाच्या जागी. कुठल्याही सरदाराच्या घरात त्याला अरे म्हणत नाहीत." त्यांचा आवाज थंड झाला. "खरं सांगा. तुम्ही कोण?"

म्हातारा घाईने पुढे झाला. "आऊसाहेब, ते मोठ्या घरचेच आहेत. मी बघितलंय त्यांना सरदारांच्या वाड्यावर. माझ्यामुळे त्यांना बोल लावू नका."

जन्मात खोटं न बोललेला बाप आपल्यासाठी खोटं बोलतोय, हे हैबतीला सहन झालं नाही. त्याने पगडी काढून खाली ठेवली. मान वर न करता तो म्हणाला, "हे माझे वडील. मी कासाराचा मुलगा."

राजाने त्याची दरबारातली जागा काढून घेतली. आऊसाहेब म्हणाल्या, "याला कोठडी नको. ज्यांना अरे म्हणाला, त्यांच्याबरोबर घरी जाऊ द्या."

हैबतीने पेटी खांद्यावर घेतली आणि तो बापामागून चालू लागला. पहिल्या नदीच्या काठी म्हाताऱ्याने ओंजळभर पाणी पुढे केलं.

"दमला असाल. पाणी घ्या."

हैबती रडू लागला. "बाबा, मला तू म्हणा. हैबती म्हणा."

म्हाताऱ्याने प्रयत्न केला. त्याच्या मनात राग नव्हता. पण ओठ हलले आणि शब्द काही बाहेर आला नाही. पुढे पुष्कळ वर्षं बापलेक एकत्र राहिले, एका ताटात जेवले. पण त्या घरात 'हैबती' ही हाक पुन्हा ऐकू आली नाही.

तात्पर्य: उसनी पदवी उतरवून ठेवता येते, पण तिच्यापायी आपल्या माणसाचा केलेला अपमान परत घेता येत नाही.