राणीच्या पायाचं माप

“पायाचं माप घ्यावं, मान वर करू नये. का, ते विचारू नये.”

ज्या काळी डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, त्या काळी एका गडाच्या पायथ्याशी कातडं कमावणाऱ्यांची वस्ती होती. गडावरच्यांचं माप घेताना पाळायचा तिथला हा नियम. मूल बोलायला लागलं की आधी हाच शिकायचं. लहानग्यांनो, नीट ऐका. आणि थोरांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका.

वस्तीची कला मात्र अशी, की पाहणाऱ्याने श्वास रोखावा. मेलेल्या जनावराचं ताठ, दर्प सुटलेलं कातडं बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात उतरायचं. पावसाळा जायचा, थंडी यायची. मग ते बाहेर निघायचं मधाच्या रंगाचं, हात फिरवला तर जिवंत वाटावं असं. खिळा एकही नाही. कातड्याचीच बारीक वादी काढायची आणि तिनेच कातडं शिवायचं. असा जोडा बापाने घालावा आणि मुलाने झिजवावा.

गडावर एक म्हातारी राणी राज्य करायची. तिच्यासाठी वस्तीतल्या सगळ्यात निष्णात कारागिराने तीन जोड केले. तिन्ही परत आले. निरोप एकच : “चावतो.”

चौथ्या खेपेला निरोप लांबला. “आठ दिवसांनी राणीसाहेब प्रजेसमोर गडाची फेरी चालतील. याही वेळी जोडा चावला, तर कारागिराची आरी आणि रापी जप्त होईल. जन्मात पुन्हा हातात धरायची नाही.”

भोक पाडायची आरी आणि कापायची रापी गेली, तर कारागिराकडे उरतं काय? तो तिन्ही जोड पुढ्यात घेऊन बसला. दोऱ्याने माप पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. केसाचाही फरक नव्हता.

“बा, माप घेताना राणी उभी होती की बसलेली?” त्याच्या मुलीने विचारलं.

“बसलेली. पाय चौरंगावर.”

“आणि आपल्या माणसांचं कसं घेतोस?”

“उभं करून. अंगाचा भार पडला की पाय पसरतो, हे शेंबडं पोरही सांगेल.”

“मग राणीला उभी राहा का नाही म्हणालास?”

“बोलायचं म्हणजे मान वर करायची! तुझी जीभ आरीपेक्षा टोकदार आहे, पोरी. एक दिवस तुलाच टोचेल.”

“टोचू दे. तुझी आरी तर वाचेल.”

बाप पुन्हा गडावर जायला धजेना, म्हणून या वेळी माप घ्यायला मुलगीच गेली. चौरंगावर पाय आला. तिने दोरा खाली ठेवला आणि मान वर केली.

“आईसाहेब, उभ्या राहा. चार पावलं चाला.”

भालदाराचा दंड हवेतच थिजला. राणी मात्र उठली.

डाव्या पायावर भार आला, पाऊल बाहेरच्या अंगाला कललं आणि राणीचा ओठ दातांखाली गेला. क्षणभरच. मुलीने ते टिपलं. जिचं नाव ऐकून शत्रू वाट बदलत, तिला दुखत होतं! इतक्या वर्षांत कुणाला कळलं नव्हतं, कारण तिच्या तोंडाकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

“कधीपासून दुखतंय?” तिने हळूच विचारलं.

“घोड्यावरून पडले, तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस,” राणी म्हणाली. “आणि हे विचारणारी तू पहिली.”

मुलीने उभ्या पायाचं माप घेतलं. घरी येऊन डाव्या तळाला, बाहेरच्या कडेला, कातड्याचा एक जास्तीचा थर दिला. बापाने तो असा शिवला, की शोधूनही सापडू नये.

फेरीच्या दिवशी राणी निघाली. करकर, करकर. नवा जोडा बोलत होता. तटाची एक बाजू झाली, दुसरी झाली, राणी थांबली नाही. एका मेल्या कातड्याने एका जित्या माणसाचं दुखणं उचललं होतं. गर्दीला यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी गर्दी तिच्या पावलांकडे पाहत राहिली.

संध्याकाळी वस्तीतली जाणती माणसं बाभळीखाली जमली. आरी वाचली होती, पण कपाळावरच्या आठ्या गेल्या नव्हत्या.

“जोडा बसला, ठीक झालं,” थोरले आजोबा म्हणाले. “पण नियम मोडला. जमिनीला नाक लाव आणि म्हण, पुन्हा मान वर करणार नाही.”

“म्हण की गं,” चुलती कुजबुजली. “तुझं नाक काय झिजतंय?”

“आजोबा, हा नियम कशासाठी आहे?”

“पूर्वीपासून आहे.”

“तीन जोड याच नियमाने फुकट गेले. बाची आरी जाणार होती, तेव्हा नियम वाचवायला आला नाही. टाका घालताना मी मान खाली घालीन, कारण टाका खाली असतो. माणूस समोर असतो. नाक मी लावणार नाही.”

तिच्या तोंडाकडे पाहायला थोरल्या आजोबांनी मान उचलली. ती अर्ध्यावरच अडली. उभ्या जन्मात ती त्याहून वर गेलीच नव्हती. त्यांनी हातानेच तिला घरी जायला खुणावलं. नाक लावायची गोष्ट मग पुन्हा कुणी काढली नाही.

तात्पर्य एवढंच : ज्याच्या तोंडाकडे पाहायची बंदी, त्याचं दुखणं कधी मापात येत नाही.