रेड्यांचं कुंपण

माणसांनी फुटबॉल बघितलाही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. दर उन्हाळ्यात माळावर सगळ्या प्राण्यांचे सामने रंगायचे. रेडे सगळ्यांत गब्बर. कुरणं त्यांची, तळंही त्यांचंच. एका वर्षी त्यांनी ठरवलं, यापुढे फक्त हत्तींशी खेळायचं. कुरणातच मैदान आखून त्यांनी कुंपण घालायला घेतलं.

बगळे हे रेड्यांचे जुने पाठीराखे. संध्याकाळी तळ्यात डुंबणाऱ्या रेड्यांच्या पाठीवर बसून त्यांचा वाद जुंपला.

"बरंच झालं," तरुण बगळे म्हणाले. "सशांशी काय खेळायचं? आता प्रत्येक सामना तगडा!"

म्हातारा बगळा हसला. "बरं बाबांनो, आज कुठल्या सामन्याची गोष्ट सांगू?"

"सशांनी आपल्याला हरवलं ती!" सगळे एका सुरात ओरडले आणि एकमेकांकडे बघू लागले.

म्हातारा सांगू लागला. "शेवटचा क्षण. एवढासा ससा डावीकडून आला आणि आपल्या कप्तानाच्या पायांतून चेंडू घेऊन..."

"उजवीकडून आला होता तो," पाण्यातून कप्तान रेडा म्हणाला. "आणि मी तोंडावर आपटलो, तेही सांग."

दुसऱ्या दिवशी कुंपणाचे खांब उपटायला तोच सगळ्यांत आधी हजर होता.