टाचणाची उजवी बाजू

एकदा एक बाई, दूध संघाच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं इमानेइतबारे नोकरी करून, वयाच्या चौतिसाव्या वर्षी शिक्षिका व्हायला निघाली. तिचं नाव ऋजुता. दुधातली स्निग्धता मोजणं, भेसळ ओळखणं हे तिचं काम, आणि त्या कामात तिचा शब्द शेवटचा मानला जाई. पण एके दिवशी शाळेची सहल प्रयोगशाळा पाहायला आली. दूध नासतं म्हणजे नेमकं काय होतं, हे तिने मुलांना दहा मिनिटं समजावून सांगितलं, आणि ती दहा मिनिटं पुढे वर्षभर तिच्या डोक्यातून जाईनात. माणसाला कशाची गोडी कधी लागेल, हे सांगता येत नाही. तिने बी.एड.ला प्रवेश घेतला.

घरच्यांनी कपाळाला हात लावला. नवऱ्याने मात्र मधला मार्ग काढला. "महिनाभर बिनपगारी रजा टाक," तो म्हणाला. "जमलं तर राजीनामा दे, नाही जमलं तर गपचूप कामावर हजर हो. कुणी काही म्हणणार नाही."

त्या अध्यापक महाविद्यालयाचे आचार्य फार वृद्ध होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, तरी रोज सकाळी येऊन बसत, आणि संस्थेनेही त्यांची खुर्ची कधी हलवली नव्हती. नवशिक्यांना पहिल्याच महिन्यात शेजारच्या शाळेत खऱ्या वर्गापुढे उभं करायचं, ही त्यांनीच पाडलेली रीत. त्याआधी प्रत्येकाने पाठाचं टाचण लिहायचं. पानाच्या मधोमध एक उभी रेघ. रेघेच्या डावीकडे शिक्षक काय बोलणार, काय विचारणार ते. उजवीकडे विद्यार्थी काय म्हणतील ते.

ऋजुता आठ दिवस त्या टाचणावर खपली. वर्ग सहावी अ, विषय बाष्पीभवन. डावीकडे प्रश्न लिहिला, 'दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांतलं पाणी कुठे जातं?' उजवीकडे उत्तर, 'त्याची वाफ होऊन ते हवेत मिसळतं.' असे पाच प्रश्न आणि पाच उत्तरं, एकही शब्द खोडलेला नाही. मध्ये एके ठिकाणी तिने छोटासा विनोद योजला होता आणि त्याच्यासमोर उजवीकडे कंसात नोंदलं होतं, 'विद्यार्थी हसतात.'

बुधवारी पाठ झाला. विद्यार्थी हसले, पण भलत्याच ठिकाणी. पहिलाच प्रश्न विचारल्यावर एक मुलगा उठून म्हणाला, "खाली जातं मॅडम. वरच्या काकूंच्या धुण्याचं पाणी आमच्याच डोक्यावर पडतं." वर्ग खिदळला. ऋजुताच्या कागदावर हे नव्हतं. "नाही," ती म्हणाली, "दुसरं कोण सांगेल?" दुसऱ्याने सांगितलं तेही कागदावर नव्हतं, तिसऱ्याचंही नाही. तिने सात मुलांना उठवलं आणि सातांनाही खाली बसवलं. शेवटी पाचही उत्तरं तिने स्वतःच देऊन टाकली, आणि तास संपायला पंधरा मिनिटं असताना तिच्यापाशी बोलायला काही उरलं नाही. मागच्या बाकावर बसलेले तिचे सहाध्यायी निरीक्षणवहीत माना खुपसून काहीतरी लिहीत राहिले. ती पंधरा मिनिटं तिला नऊ वर्षांच्या नोकरीपेक्षा लांब वाटली.

दुपारी ती प्रवेश रद्द करण्याचा अर्ज घेऊन आचार्यांसमोर उभी राहिली. "सर, हे माझ्याच्याने होणार नाही. सोमवारी रजा संपते. मी आपली माझ्या कामाला परत जाते."

आचार्यांनी अर्ज बाजूला ठेवला. "टाचण बघू," ते म्हणाले.

त्यांनी ते सावकाश, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "सुरेख लिहिलंय," असं म्हणत त्यांनी खणातून कात्री काढली आणि मधल्या रेघेवरून ते पान उभं कापलं. उजवी बाजू घडी करून खणात टाकली. मग तेवढ्याच रुंदीचा एक कोरा कागद घेतला, डिंकाचं बोट फिरवून डाव्या बाजूला नीट चिकटवला आणि पान तिच्यापुढे सरकवलं.

"शुक्रवारी सहावी ब. पाठ हाच. मूल जे बोलेल ते, त्याच्याच शब्दांत, या कोऱ्या जागेत तिथल्या तिथे लिहायचं. लिहून झाल्याशिवाय पुढच्या प्रश्नाला जायचं नाही. अर्जाचं नंतर बघू."

ऋजुताला काही उमगेना. आठ दिवसांची मेहनत या गृहस्थांनी कात्री चालवून अर्धी केली होती, आणि वर सुरेखही म्हणाले होते. क्षणभर तिला वाटलं, वयाचा परिणाम असावा. पण वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. शिवाय जायचंच आहे, तर आणखी एक तास सोसू, असाही विचार तिने केला.

शुक्रवारी आचार्य स्वतः येऊन शेवटच्या बाकावर बसले. तिने तोच प्रश्न विचारला. एक मुलगा उठला आणि म्हणाला, "ठिबकतं."

'नाही' हा शब्द तिच्या ओठावर आला होता. पण हातात पेन होतं आणि समोर कोरी जागा होती, म्हणून ती खाली वाकली आणि तिने लिहिलं, 'ठिबकतं.' वर्ग चूप झाला. मॅडम आपलं बोलणं लिहून घेतायत, हे त्या मुलांनी कधी पाहिलं नव्हतं. लिहिताना तिच्या लक्षात आलं की मुलगा खोटं काही बोललेला नाही. पाणी ठिबकतंच.

"मग ठिबकायचं थांबलं की?" तिने विचारलं. हा प्रश्न टाचणात कुठेच नव्हता. "तेव्हा कपडे कोरडे असतात?"

"नाही, दमट असतात," दोघं-तिघं म्हणाले.

"मग ते उरलेलं पाणी?"

"वारं पितं," एक मुलगी म्हणाली. "आमची आजी म्हणते."

ऋजुताने तेही लिहिलं. तेवढ्यात मागून कुणीतरी हरकत घेतली, की घरात दोरीवर टाकले तरी कपडे वाळतात, तिथे कुठलं वारं. फक्त उशीर लागतो आणि कुबट वास येतो. तीही हरकत कागदावर चढली. आता वर्गात कुणी खिदळत नव्हतं. मुलं एकमेकांचं म्हणणं खोडून काढत होती, आणि ऋजुताची लिहिता लिहिता पुरेवाट होत होती.

मग खिडकीजवळची एक मुलगी उठली. तिच्या वडिलांचं इस्त्रीचं दुकान होतं. ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "पप्पा कापडावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवतात ना, तेव्हा वाफ वर जाते. ती दिसते. दोरीवर पण तसंच होत असेल मॅडम. पण हळूहळू, म्हणून दिसत नसेल."

हे वाक्य लिहिताना ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मान खाली घालून लिहीत राहिली, म्हणून ते कुणाला दिसलं नाही. तिने आठ दिवस खपून जे उत्तर लिहिलं होतं, त्याहून हे उत्तर पुढचं होतं.

इतक्यात घंटा झाली. पाचांपैकी एकच प्रश्न झाला होता.

बाहेर आल्यावर तिचा चेहरा पुन्हा उतरला. "पाठ अपुरा राहिला, सर," ती म्हणाली.

आचार्य ओसरीच्या पायरीवर बसले आणि तिलाही त्यांनी बसायला खुणावलं. "तुझ्या प्रयोगशाळेत दुधाचा नमुना आला, की आकडा आधी लिहून ठेवायचीस आणि मग तपासायचीस?"

"नाही, सर. तसं केलं असतं तर मला एक दिवसही ठेवलं नसतं."

"मग मुलांचं उत्तर आठ दिवस आधी कसं लिहिलंस?"

ऋजुताने हातातल्या कापून जोडलेल्या पानाकडे पाहिलं.

"पाठाची डावी बाजू तुझी," मग ते म्हणाले. "ती चोखच हवी, तिच्यात कसूर चालायची नाही. उजवी बाजू त्यांची. तू दोन्ही बाजू एकटीच उचलून नेत होतीस, म्हणून बुधवारी धाप लागली. मूल चुकलं तर ती काही तुझी चूक नव्हे. ते काय म्हणालं हे तुला ऐकूच आलं नाही, तर मात्र ती तुझी. आणि समोर आहे ते पाहायचं, जे आहे तेच लिहायचं, हे तुला मी काय शिकवणार? नऊ वर्षं तू दुसरं केलंस काय?"

महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं तिला झालं. आपल्याला शिक्षकाचं काहीच येत नाही, या धास्तीने ती रोज महाविद्यालयाचं फाटक ओलांडत होती. निम्मं येत होतं, आणि उरलेलं निम्मं तिने आणायचंच नव्हतं. तिला हसू आलं, आणि हसताना लक्षात आलं की फाटकातून आत शिरल्यापासून आपण असे हसलोच नव्हतो.

आचार्यांनी सदऱ्याच्या खिशातून तिचा अर्ज काढला आणि दोघांच्या मध्ये पायरीवर ठेवला. "याचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

ते पुढे काही बोलतील म्हणून ऋजुता थांबली. ते बोलले नाहीत. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथेही काही सूचना नव्हती. ते 'राहा' म्हणाले असते तर ती राहिली असती, 'जा' म्हणाले असते तर गेली असती, आणि हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हातारा निवांत बसून खरोखरच तिच्या उत्तराची वाट पाहत होता.

तिने पुष्कळ वेळ घेतला.

"राहते, सर," ती म्हणाली. "सोमवारी संघात जाऊन राजीनामा देऊन येते."

"बरं," आचार्य म्हणाले.

जाते म्हटलं असतं तरी ते इतक्याच शांतपणे 'बरं' म्हणाले असते, हे तिला कळलं; आणि म्हणूनच आपण दिलेलं उत्तर तिला आयुष्यात प्रथमच पूर्णपणे आपलं वाटलं.